दसऱ्यानंतर बिघडलेला काटा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाबांनो, चहा येईपर्यंत. गोष्ट ऐकून झाल्यावर हसलात तर मला राग येईल, कारण या प्रकरणातला माझा राग अजून पुरता उतरलेला नाही. आणि उतरवायचा तरी कोणावर, हा खरा प्रॉब्लेम आहे.

मी झेवियर. राहायला ठाण्यात, नोकरी डोंबिवलीच्या एमआयडीसीत, चिवडा-फरसाणच्या कारखान्यात पॅकिंग लाइनचा इनचार्ज. गेल्या वर्षी शेठच्या मागे लागून लागून मी एक ऑटोमॅटिक काटा घ्यायला लावला. त्याचं काम साधं. भरलेलं पाकीट एका छोट्या पट्ट्यावरून पळतं, पळता पळताच त्याचं वजन होतं, आणि वजन कमी-जास्त निघालं की काटा हवेचा फुसकारा मारून ते बाजूच्या क्रेटमध्ये उडवून देतो.

शेठ तेव्हाच म्हणालेले, "झेवियर, तुझ्या हट्टापायी घेतोय. याने धोका दिला तर तुला आणि याला एकाच टेम्पोत घालून परत पाठवीन."

आता आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. मी कॅथलिक माणूस, पण काटा माझ्या हट्टाने आलेला, म्हणजे त्याच्या पूजेचा मान माझाच की नाही? झेंडूचा चांगला जाडजूड हार आणला. वर पॅनेलला घातला तर बटणं झाकली जातात. म्हणून मधल्या, वजनाच्या पट्ट्याच्या फ्रेमला, पाकिटांना लागणार नाही असा दोऱ्याने पक्का बांधला. मग झीरो घेतला, म्हणजे रिकाम्या पट्ट्यावर काट्याचा आकडा शून्यावर आणला, आणि चार पाकिटं पळवून बघितली. सगळी पास.

दसऱ्याची सुट्टी संपवून लाइन सुरू केली. दिवाळीची ऑर्डर होती, शनिवारी संध्याकाळी टेम्पो भरून ठाण्याला जायचा होता. आणि काटा लागला पाकिटं उडवायला. फुस्स, फुस्स, फुस्स. स्क्रीनवर एकच शब्द, 'कमी'.

"लताताई, पाकिटं कमी का भरताय?"

लताताई आमच्या ऑपरेटर, आंबिवलीहून येतात. त्यांचा आवाज कधी चढत नाही, ते काम माझ्याकडे आहे. त्या म्हणाल्या, "सर, हातकाट्यावर बरोबर येतायत. बघा तुम्हीच."

"हातकाट्याला काय कळतंय? भरणं वाढवा."

वाढवलं. दुपारी जेवून आलो तर हार बिचारा मलूल होऊन लोंबत होता. सणाचा हार असा बरा दिसतो का? बाटलीतलं पाणी शिंपडलं त्याच्यावर, चांगलं सढळ हाताने. वळतोय तोच परत फुस्स, फुस्स. आता स्क्रीनवर 'जास्त'!

तुम्हीच सांगा, डोकं फिरेल की नाही माणसाचं? सकाळी हा उपाशी आणि जेवणानंतर टम्म? काट्याच्या कंपनीला फोन लावला, तर पलीकडची मुलगी गोड आवाजात विचारते, "सर, बंद करून परत चालू केलंय का?" अगं बाई, मी काय तुमच्याकडून टेबलफॅन घेतलाय?

वायरमनला बोलावून व्होल्टेज तपासलं. पट्टा बदलला. फरशी लेव्हलमध्ये आहे का ते बघितलं. वारा लागतो म्हणून पंखे बंद केले आणि पॅकिंगच्या सगळ्या बायकांना घामाने भिजवलं. तरी तेच. सकाळी झीरो घ्यायचा, तासाभरात 'कमी'. जेवणानंतर हाराला पाणी घालायचं, की 'जास्त'. शेवटी मी काट्यासमोर अगरबत्ती लावली आणि पाणी जरा वाढवलं.

शनिवार उजाडला. टेम्पो दारात, मागचा फाळका उघडा, आत फारसं काही नाही. शेठ त्या टेम्पोकडे बघत मला म्हणाले, "बसतोस का? जागा आहे."

तेवढ्यात कंपनीचा इंजिनिअर उगवला. मिहीर नाव त्याचं. आल्या आल्या मी त्याला असा झापला की बायका काम सोडून ऐकत राहिल्या. तो मात्र माझ्याकडे बघतच नव्हता, पट्ट्याकडे बघत होता.

"सर, हा हार कधीपासून आहे?"

"पूजेचा आहे तो. त्याला हात लावायचा नाही."

"नाही सर, पण हा जिथे बांधलाय त्या भागाचं सगळं वजन काट्यावर येतं. हार सुकला की हलका होतो, काट्याला वाटतं पाकीटच हलकं. आणि याच्यावर कोणी पाणी वगैरे मारलं ना, तर..."

पुढचं त्याला बोलावं लागलं नाही. पाण्याची बाटली माझ्याच हातात होती.

त्याने दोरा कापला, झीरो घेतला, भरणं पूर्वीसारखं करायला लावलं. पाकिटं मुकाट्याने रांगेत निघाली, एकही उडेना. आठवडाभर ज्या काट्याला मी शिव्या घातल्या, तो आठवडाभर माझा हार इमानदारीत मोजत होता.

माझा पारा चढायचा तो चढलाच. "लताताई, एवढे दिवस हार लोंबतोय, पूजेनंतर काढायचा असतो हे तुम्ही मला सांगायचं नाही?"

"सर, तुम्ही एवढ्या प्रेमाने बांधलात, वर रोज पाणी घालत होतात," त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, तुमच्यात ठेवत असतील."

"आमच्यात? अहो, मला वाटलं तुमच्यात ठेवतात!"

टेम्पो भरला आणि उशिरा का होईना, मला न घेता ठाण्याला गेला.

यंदाच्या खंडेनवमीला मी गप्प कोपऱ्यात उभा होतो. लताताईंनी काट्याला हळदकुंकू लावलं, एक फूल ठेवलं, हात जोडून तेही लगेच उचललं. मग उरलेला हार आणून माझ्या हातात दिला.

"सर, हा तुम्हीच घालून बसा. तुमचं वजन कमी-जास्त झालं तरी लाइन थांबत नाही."