स्वीडनला गेलेला अर्धा ठेका

मलकापूरच्या जोतिबाला वाटलं होतं, फौजेत गेलं की हातात बंदूक येईल. आली क्लॅरिनेट. गावानं 'पिपाणीवाला फौजी' असं त्याचं दुसरं बारसं करून टाकलं, ते नाव अजून सुटलेलं नाही. पण पाच रेघांवर ठिपके काढून सूर लिहायला शिकला आणि गडी त्यातच अडकला. नोकरीभर पलटणीच्या बँडसाठी चाली रचल्या. पेन्शनीत आल्यावर लोक ऊस लावतात, जनावरं पाळतात. हा हलगी नि संबळाचे ठेके कागदावर उतरवत बसला. त्याला संगीतकार म्हणणारं माणूस भेटलं ते थेट स्वीडनचं.

सिग्ने तिचं नाव. लहानपणी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी ही बाई आता तिकडच्या मोठ्या वाद्यवृंदांसाठी रचना लिहिते. मध्यंतरी तानपुरा घ्यायला मिरजेला आली होती, तिथं कुणीतरी दोघांची गाठ घालून दिली. तेव्हापासून मोबाइलवर यांचं सुरू होतं. हा ठेके धाडायचा, ती त्यांच्याभोवती व्हायोलिनं उभी करायची. यंदा तिचे वडील वारले. त्यांच्यासाठी ती नवी रचना लिहीत होती. तिनं जोतिबाला विचारलं, गेलेल्या माणसाला नेताना तुमच्याकडं काय वाजवतात?

जोतिबानं मागचापुढचा विचार केला नाही. मोबाइल चालू केला आणि टेबलावर बोटांनी मयताचा ठेका धरला. निम्म्यावर आला असेल नसेल, तोच त्याची बायको बनुबाई पिठाच्या हातानं बाहेर आली.

"आवं, हात आवरा. कुनाला न्ह्यायचं हाय घरातनं?"

जोतिबा चपापला. घाईघाईनं मोबाइल लपवायला गेला आणि त्या धांदलीत अंगठा लागून अर्धा ठेका स्वीडनला रवाना झाला.

घरात मयत नसताना तो ठेका त्यांच्या गावात कुणी तोंडानंसुद्धा म्हणत नाही. त्यात त्यांचा एकुलता एक विश्वजित सीमेवरच्या चौकीत होता आणि बरेच दिवस त्याचा फोन नव्हता. नवराबायकोच्या मनात एकच आलं.

दुपारी जोतिबा गुंडाकडं गेला. गुंडा हलगीवाला, याच्या बरोबरीचा. जाळावर हलगी शेकत त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"वाजवलास ते वाजवलास, पर मधीच का सोडलास रं? त्यो ठेका मसणवाट्यात सपतो. मधी सोडला तर न्ह्याया मानूस हुडकत फिरतो."

"काय बी बोलतोस," जोतिबा म्हणाला. फौजेत राहून आलेल्या माणसानं असल्या गोष्टींना भ्यायचं म्हणजे लाजच. तो हसलाही. पण घरी येताना त्यानं वाटेत दोनदा थांबून विश्वजितला फोन लावून बघितला. लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सिग्नेनं तालमीचं चित्रण पाठवलं. भलं मोठं सभागृह, काळ्या कपड्यातली पन्नास-साठ माणसं, आणि त्यांच्या ढोलांवर याचा ठेका. निम्म्यावर आले की थांबायचे. पुढ्यात उभा असलेला माणूस मान हलवायचा, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा निम्म्यावर बंद. जोतिबानं एकदाच अर्धा सोडला होता, ती मंडळी दिवसभर सोडत होती.

त्यानं तिला फोन लावला. फौजेत शिकलेलं इंग्रजी होतं नव्हतं तेवढं गोळा करून म्हणाला, हे बंद करा, माझा मुलगा सीमेवर आहे.

"त्याला काही झालंय का?" तिनं विचारलं.

"काही झालं नाही. म्हणूनच."

तिला कितपत कळलं देव जाणे. पण बाई शहाणी, वाद घातला नाही. तालीम थांबवते, म्हणाली.

त्यानंतर घरात कुणाचा धड घास उतरेना. रस्त्यावर जीप वाजली की बनुबाई दारात जायची आणि जोतिबा मुद्दाम खुर्चीतून उठायचा नाही. सैन्याची गाडी कशी येते, कोण उतरतं, उतरल्यावर टोपी कधी काढतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मयताला बँड वाजवायला म्हणून अशा किती दारांत तो स्वतः जाऊन उभा राहिला होता.

एका सकाळी फोन आला. विश्वजितचाच.

"तात्या, मी बरा हाय."

बनुबाईनं फोन हिसकावून घेतला, रडली, त्याला शिव्या दिल्या आणि देवापुढं साखर ठेवायला आत पळाली. फोन परत जोतिबाच्या हातात आला.

"तात्या, मी गावाकडं येतोय. बॉडीसंगं येतोय. आमच्या चौकीवर दरड आली. शंभूराज गेला, दरडीखाली काल घावला. खंडाळ्याकडचा, मागं आपल्याकडं जेवून गेल्ता बगा."

"कवा गेला?"

विश्वजितनं वार सांगितला. तालमीचाच वार होता.

"त्येच्या घरी अजून सांगितल्यालं न्हाई," विश्वजित म्हणाला. "आईला बी आत्ताच नगा सांगू."

जोतिबा बरं म्हणाला. तेवढ्यात बनुबाई आतून आली. किती दिवसांनी ती हसत होती.

"तोंड उगडा. आपलं पोरगं सुखरूप हाय," असं म्हणून तिनं चिमूटभर साखर त्याच्या जिभेवर ठेवली.

खंडाळ्यात एक बाई या वेळी भाकऱ्या थापत असेल, जीपच्या आवाजाकडं तिचं लक्षही नसेल, हे त्याच्या डोळ्यापुढं होतं. तरी साखर गोड लागली. इतके दिवस तो कशाकशाला भ्याला होता, पण त्या गोडीला जेवढा भ्याला तेवढा कशालाच नाही.