हरकत असल्यास आताच बोला

सर्व भाविकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक जाहीर करण्यात येते, की वसईतल्या एका केळीच्या वाडीत राहणारे, पन्नाशी ओलांडलेले, गुडघे कुरकुरणारे एक गृहस्थ आणि विरारच्या चौघांनी केलेला एक पंक रॉक गाण्यांचा अल्बम यांचा शुभविवाह योजिला आहे. या संबंधाला कोणाची हरकत असल्यास ती आताच कळवावी.

ते गृहस्थ म्हणजे मी. आमच्या चर्चमध्ये लग्न ठरलं की सलग तीन रविवार वधूवरांची नावं पुकारतात, कोणाला हरकत असेल तर बोला म्हणून. मी वर्षातला सर्वांत आवडता अल्बम घरात तसाच पुकारतो. डिसेंबरातले तीन रविवार, दुपारच्या जेवणानंतर, खुर्चीवर उभा राहून.

हरकत घ्यायचं खातं आईचं. तिने कित्येक वर्षं चर्चचं गायनमंडळ सांभाळलं. बेसूर गाणारा तिच्या कानातून सुटणं म्हणजे शिळा बोंबील कोळणीच्या नजरेतून सुटणं. रॉक तिला मुळीच आवडत नाही, पण हरकत अशी नेमकी घेते की मी पुन्हा ऐकायला बसतो आणि तिचंच खरं निघतं. एका बुजुर्ग गायकाबद्दल ती म्हणाली होती, “हा श्वास कुठे घेतो? मरेल अशाने.” एका गिटारवाल्याबद्दल, “याला घरी कोणी बोलू देत नसणार.”

मग तिचे कान मंदावत गेले. गायनमंडळ सुटलं. जेवताना आम्ही हसलो की ती अर्ध्या क्षणाने हसायची, अंदाजाने. गेल्या वर्षी मी पुकारा केला, गाणी लावली, आणि ती गोड हसून म्हणाली, “छान आहे.”

इतका वाईट अभिप्राय माझ्या कुठल्याच अल्बमला मिळाला नव्हता.

यंदा कानाचं मशीन आणलं. काजूगराएवढं. तिने ते एकदा घातलं, “चमचे वाजतात नुसते,” म्हणून काढलं आणि डबी घरातल्या अल्तारावर, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यात, मारियामातेच्या मूर्तीमागे ठेवून दिली. तिथल्या वस्तूला आमच्याकडे कोणी हात लावत नाही, हे तिला पक्कं ठाऊक.

आणि यंदा तर अल्बमांचं पीकच भरघोस. थंड देशातल्या तिघी बायका अशा ओरडत होत्या, जणू कोणी त्यांच्या नळावरचा हंडा बाजूला केलाय. बायकोचा उमेदवार एक संथ, भारदस्त रॉक अल्बम होता. त्यातलं पहिलं गाणं लावून ती भात शिजवते, वाढते, तरी गिटार अजून उंबरठ्यावरच. पण माझं मन विरारवर जडलं होतं. चौघांनी आपल्या फ्लॅटमध्येच सगळं ध्वनिमुद्रित केलेलं. शेवटच्या गाण्यात, सगळ्या गदारोळाच्या मागे, मला चक्क कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

“कुकर नाही तो,” बायको म्हणाली. “गिटार आहे. आवडलं की तुम्हाला काहीही ऐकू येतं.”

यावर निवाडा देऊ शकेल असा घरात एकच कान होता, आणि तो अल्तारावर डबीत होता.

तिसऱ्या रविवारी आम्ही दोघांनी कट केला. जेवण उरकल्यावर भांडायला सुरुवात केली, पण आवाज न काढता. नुसते ओठ. मी टेबलावर मूठ आपटायचा अभिनय केला, बायकोने पदर खोचला. मधूनच दोघं आईकडे बोट दाखवायचो. घरातलं भांडण, त्यात आपलं नाव, आणि आपल्याला एक शब्द कळू नये? आई उठली. अल्तारापाशी गेली, क्रूस केला, डबी उघडून मशीन कानात बसवलं आणि समोर येऊन बसली.

आम्ही रंगात आलो होतो. ओठ चालूच.

आईने कानावर टिचकी मारली. पुन्हा मारली. “बंद पडलंय,” ती म्हणाली. “परत करून या.”

ती मशीन काढणार, एवढ्यात मी धडपडत स्पीकरपाशी पोचलो आणि विरारचं शेवटचं गाणं लावलं. आईने डोळे गच्च मिटले. हात कानाकडे गेला आणि तिथेच थांबला. मग ती बोटांनी टेबलावर हळूहळू ठेका धरू लागली, गायनमंडळासमोर धरायची तशी, आणि तिच्या कपाळावर ती जुनी आठी उमटली. मी लगबगीने खुर्चीवर चढलो आणि विचारलं, कोणाची काही हरकत?

“आहे तर,” आई म्हणाली. “ढोलवाला पळतोय, गाणारा त्याच्या मागे धापा टाकतोय, आणि त्यांच्या घरी कुकरच्या चार शिट्ट्या होऊन गेल्या, तो गॅस कोणी बंद करणार आहे की नाही?”