खिडकीबाहेरची खुर्ची

कॉन्सुलकाका कोणालाही उभ्याने बोलू देत नसत. अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातल्या त्यांच्या घराच्या पोर्चवर लाकडी हातांची एक खुर्ची बारा महिने असायची. पार्सलवाला सहीसाठी थांबला की काका आधी खुर्चीकडे हात करत आणि तो बिचारा गोंधळून आपल्या गाडीकडे पाही. बर्फ उपसायला येणारा ब्राझिलियन जोआओ मात्र सरावला होता. फावडं भिंतीला टेकवून तो ऐसपैस बसायचा आणि काकांच्या हातचा चहा प्यायचा. काकांचं जुन्या वळणाचं इंग्रजी त्याला अर्धंच कळायचं, पण आपल्याशी कोणीतरी बरोबरीने बोलतंय एवढं त्याला पूर्ण कळायचं.

"उभ्या माणसाचं अर्धं लक्ष पायांत असतं," काका म्हणत. "त्याचं खरं ऐकायचं असेल तर आधी बसव त्याला."

देश नुकता स्वतंत्र झाला होता, परदेशांत आपल्या कचेऱ्या नव्याने उघडत होत्या, त्या काळात काका व्हाइस कॉन्सुल म्हणून नोकरीला लागले. त्यांची नेमणूक झाली ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका शहरात. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना वाटायचं, काकांकडे मेजवान्यांचे, बड्या पाहुण्यांचे किस्से असणार. काकांकडे किस्से होते ते बोट चुकलेल्या खलाशांचे आणि पासपोर्ट हरवलेल्या विद्यार्थ्यांचे. "राजदूत सरकारांशी बोलतो, मी माणसांशी बोलायचो," ते म्हणत, "आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही."

कचेरीत काका अर्ज घेत त्या खिडकीशी एकदा एक म्हातारे पंजाबी शेतकरी आले. तरुणपणी बोटीने आलेले, आयुष्य परक्याच्या मळ्यांत गेलेलं. मरण्यापूर्वी एकदा गाव पाहायचं म्हणून त्यांना पासपोर्ट हवा होता. खिडकीशी उभे राहून ते आपल्या गावाचं नाव सांगत होते आणि त्यांचे गुडघे लटपटत होते. काका उठले, आपली खुर्ची उचलली, दारातून वळसा घालून बाहेर नेली आणि त्यांना तिच्यावर बसवलं. मग आत येऊन उभ्याने त्यांचा अर्ज भरला. वरिष्ठांनी पाहिलं आणि संध्याकाळी समज दिली, की खुर्ची कचेरीची आहे आणि तिची जागा खिडकीच्या आत आहे. काकांनी विचारलं, दुसरी मिळेल का? दुसरीसाठी तरतूद नव्हती. मग दुसऱ्या दिवसापासून ती एकच खुर्ची रोज बाहेर गेली आणि काका त्या शहरात होते तोवर उभ्यानेच काम करत राहिले. बढती लांबली. काकांनी कधी दाद मागितली नाही आणि खुर्चीही आत आणली नाही.

त्या हट्टाची किंमत त्यांच्या पायांनी मोजली. पोटऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. निवृत्तीनंतर ते मुलाकडे श्रूजबरीला आले. हा मुलगा, आमचे अविनाशकाका, डॉक्टर. ते रोज सकाळी वडिलांच्या पायांत घट्ट मोजे चढवत आणि रोज एकच वाक्य म्हणत, "बाबा, ऑल धिस फॉर अ चेअर!" काका पाय पुढे करून शांतपणे म्हणत, "अव्या, जरा सैल ओढ."

आम्ही नागपूरहून इथे आलो तेव्हा मी शाळेत होते. माझे बाबा कामगार चळवळीतले. सामानातून त्यांनी पत्रकांचा एक गठ्ठा आणला होता आणि माझं मराठी त्या पत्रकांवरच पोसलं गेलं. पुढे मी लिहू लागले आणि लिहिलेलं काकांना दाखवू लागले. ते मला 'पत्रकबाई' म्हणत. एकदा माझा लेख वाचून म्हणाले, "पत्रकबाई, हे भिंतीवर लावायला छान आहे. पण यात माणूस कुठे बसलाय?" मी चिडले. घरी येऊन तो लेख पुन्हा लिहिला.

त्यांच्या घराण्याची हकिगत त्यांनी मला त्याच पोर्चवर सांगितली. त्यांचे वडील, तात्या, खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी मामलेदार कचेरीत पट्टेवाले होते. साहेबाच्या दाराशी उभं राहायचं, हाक आली की आत जायचं. त्या कचेरीत पट्टेवाल्याला साधं स्टूलही नव्हतं. काका लहानपणी डबा घेऊन जात तेव्हा तात्या दाराआड उभ्यानेच भाकरी खात, कारण हाक कधी येईल त्याचा नेम नसे. मुलगा शिकला, परदेशी कचेरीत साहेब होऊन निघाला, तेव्हा गाव हार घेऊन आलं. तात्यांनी मात्र एवढंच विचारलं, "तुझ्या दाराशी कोण उभं राहणार रे?"

"तेव्हा मला उत्तर देता आलं नाही," काका म्हणाले. "नंतर दिलं. ते ऐकायला तात्या नव्हते."

मागे मंडळाच्या वर्धापनदिनी काकांचा सत्कार ठरला. स्मरणिकेत 'आमची कर्तृत्ववान घराणी' असा विभाग होता आणि काकांवरचा लेख माझ्याकडे आला. आमच्या स्मरणिकेत कोणाचाच पणजोबा गरीब नसतो. एक तर तो इनामदार असतो, नाहीतर सरदारांच्या दरबारी मानकरी. समुद्र ओलांडताना माणसं आधी गरिबी फेकून देतात आणि मग उरलेल्या जागेत वाडे बांधतात. मी लिहिलं ते खरं लिहिलं: काकांचे वडील पट्टेवाले होते.

संपादक शुभाकाकूंचा फोन आला. लेख गोड झालाय, पण ते एक वाक्य बदलू या का? अविनाशकाकांनीही मला बोलावून घेतलं. इथे सगळ्यांना त्यांनी आजवर आजोबा महसूल खात्यात होते असंच सांगितलं होतं. "टेक्निकली ते खोटं नाहीये," ते म्हणाले.

काका आतल्या खोलीतून ऐकत होते. "अव्या, ते खात्यात होते हे खरं," ते म्हणाले. "पण खुर्चीत नव्हते. तू त्यांना खुर्चीत बसवतोयस."

"बाबा, लोक काय म्हणतील याचा मी विचार करतोय."

"मीही. लोकांना वाटेल की मी साहेबाच्या पोटी जन्मलो. मग दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाने काय केलं?"

मी वाक्य बदललं नाही. स्मरणिका छापून आली तेव्हा ते बदललेलं होतं. 'वडील महसूल खात्यात अधिकारी.' शुभाकाकू म्हणाल्या, काकांच्या मानासाठीच केलं ग. मला वाटतं, त्या मनापासून म्हणत होत्या. आणि म्हणूनच मला जास्त राग आला.

सत्काराच्या दिवशी शाळेच्या सभागृहात मंचावर मखमली गादीची खुर्ची मांडली होती. शाल झाली, श्रीफळ झालं. सूत्रसंचालकांनी काकांना बसायची विनंती केली. काका बसले नाहीत. त्यांनी माइक मागून घेतला.

"या पुस्तकात माझ्या वडिलांना तुम्ही खुर्ची दिली आहे," ते म्हणाले. "ती त्यांची नाही. ते पट्टेवाले होते. जन्मभर उभे राहिले, म्हणून मी इथवर आलो. त्यांना खोट्या खुर्चीत बसवून मी खऱ्या खुर्चीत बसणार नाही. तुम्ही कार्यक्रम चालू ठेवा, मी उभा आहे."

कार्यक्रम चालू राहिला. नाट्यगीत झालं, लहान मुलांचं नृत्य झालं आणि त्या नाचणाऱ्या मुलांच्या मागे शाल पांघरलेले काका मखमली खुर्चीच्या पाठीला हात लावून उभे. पुढच्या रांगेतले लोक फोनमध्ये पाहू लागले. कोणीतरी म्हणालं, वय झालंय आता. वय झालं होतंच, पाय सुजत होते, पण त्या क्षणी सभागृहात ताठ असा तोच एक माणूस होता. दुसरं गाणं सुरू झालं तेव्हा अविनाशकाका उठले. चेहरा रागाने लाल झालेला. ते मंचावर गेले, वडिलांचा दंड धरला. आम्हाला वाटलं, खाली घेऊन येणार. ते शेजारी उभे राहिले आणि शेवटपर्यंत तसेच उभे होते.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. जवळच्या वूस्टरच्या फ्युनरल होममध्ये अंत्यदर्शनाला रांग लागली होती. मंडळ होतं, शेजारी होते, जोआओ आपल्या बायकोला घेऊन आला होता. अविनाशकाका दाराशी उभे राहून एकेकाचं सांत्वन स्वीकारत होते. त्यांच्या शेजारी ती पोर्चवरची लाकडी खुर्ची होती. गाडीत घालून त्यांनीच आणली होती, आणि बाहेरचा बर्फ तिच्या पायांवर अजून वितळत होता.

मॉरिसव्हिलहून आलेले एक वयस्क स्नेही त्यांचा हात हातात घेऊन हळहळले. "केवढं घराणं तुमचं. आजोबाही मोठे अधिकारी होते ना महसूल खात्यात?"

मी जवळच होते. अविनाशकाकांनी एकदा काकांकडे पाहिलं. काका आता कधीच उठणार नव्हते.

"नाही," ते म्हणाले. "पट्टेवाले होते. दाराशी उभे असायचे."

अविनाशकाकांनी खुर्ची पुढे ओढली.

"बसा," ते म्हणाले. "सांगतो."