बाळकृष्णासाठी टोस्टर

नरहरभाऊ वैरागड्यांनी आयुष्यभर देवाकडे काही मागितलं नाही, आणि देवानेही त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. मागच्या थंडीत मात्र देवाला टोस्ट लागला, आणि तोही दोन्ही बाजूंनी सारख्या रंगाचा.

नरहरभाऊ म्हणजे इकडे हिंदी मुलखातले, तात्यापाऱ्यातले आमचे शेजारी. त्यांच्या आमच्या घरात एकच भिंत आहे. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली की माझी समजून मी गॅस बंद करायला उठते. माणूस मूळचा आर्वीकडचा. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. काम तपासणीचं. दुरुस्त झालेला डबा वाकून, ठोकून, चारही बाजूंनी पाहायचा आणि पसंत पडला तर खडूने खूण करून पास करायचा. नाही तर त्याची रवानगी 'सिक लाईन'ला, म्हणजे आजारी डब्यांच्या रुळावर.

नोकरी संपली, खोड राहिली. बाजारात ते नारळासारखा दुधीसुद्धा वाजवून घेतात. आमच्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी मांडवाचा खांब दोन्ही हातांनी हलवून पाहिला आणि होणाऱ्या व्याह्यांना म्हणाले, "पास हाये जी, बसा बिनधास्त." व्याही बसले, पण सारखे वर बघत होते.

अंजनाबाई, त्यांच्या मिसेस, दुसऱ्याच टोकाच्या. त्यांचा सगळा संसार एका रांगत्या पितळी बाळकृष्णाभोवती. घरात जे होईल ते आधी त्याच्यापुढे, मग माणसांपुढे. सकाळचा चहासुद्धा. आगगाडीत डबा उघडला तरी आधी पर्समधला फोटो बाहेर यायचा, त्याला दाखवायचं, मगच पुरी तोंडात. करपलेलं आणि कच्चं मात्र त्याच्यापुढे जायचं नाही. पोळीला काळा डाग पडला तर ती पोळी नरहरभाऊंच्या ताटात. भाऊ म्हणायचे, "आमच्या घरी पास माल देवाले, रिजेक्ट माल मले." पण खायचे मुकाट्याने.

दिवाळी झाली आणि अंजनाबाईंना कावीळ झाली. डोळे पिवळे, अंगात त्राण नाही, पलंगावरून उठायचं म्हटलं की भोवळ. सगळ्यात वाईट म्हणजे अन्नावरची वासनाच उडाली. वरणाच्या वासाने पोटात ढवळायचं. पेज दोन चमचे घेतली की बाहेर. डॉक्टरांनी सांगितलं, शुक्रवारपर्यंत पोटात काही ठरलं नाही तर भरती करायचं आणि सलाईन लावायची.

अंजनाबाई सुईला भ्यायच्या नाहीत. त्यांची काळजी वेगळी. बाळकृष्णाकडे बोट करून मला म्हणाल्या, "मंजिरी, दवाखान्यात सारे चपला घालून फिरतात. तिथं याले कुठं बसवू? न् याले दाखवल्याबिगर मी तिथं तरी कशी खाऊ?"

"बाई, आजारपणात देव एवढं पाहत नाही," मी म्हटलं.

"तो नाही पाहत गं. मी पाहते ना."

मी स्वतः घरातल्या दत्ताला दिवा लावल्याशिवाय चहा पीत नाही.

मग एक दिवस त्या आपणहून म्हणाल्या, "भाजल्या ब्रेडचा वास तेवढा बरा वाटते. कोरडा टोस्ट खाईन म्हणते." नरहरभाऊ उठून उभेच राहिले. इतक्या दिवसांत बायकोने खायचं नाव पहिल्यांदा काढलं होतं.

घरात टोस्टर होता, मुलाच्या, यशदीपच्या लग्नात आहेर म्हणून आलेला. त्यातून टोस्ट निघाला तो एका अंगाने कोळसा आणि दुसऱ्या अंगाने दुधासारखा पांढरा. भाऊंनी पांढरी बाजू वर करून ताट देवापुढे नेलं. पलंगावरून आवाज आला, "पलटवा जी जरा."

पलटवला.

"हा तुम्ही घ्या," अंजनाबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

मी तव्यावर करून पाहिला. तूप-लोणी डॉक्टरांनी बंद केलेलं. कोरड्या तव्यावर ब्रेडच्या मधोमध काळा चट्टा पडतो आणि कडा तशाच राहतात. तोही भाऊंच्या पोटात गेला. जाळीवर केला, त्यावर पट्टे उमटले. भाऊ म्हणाले, "मंजिरी, असंच चाललं तर ही बरी होईपर्यंत मी फुगतो."

यशदीप बंगलोरला असतो. त्याला मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत येतं. त्याने ऑनलाईन टोस्टर पाठवला. "पापा, बहुत अच्छे रिव्यू हैं." यंत्र दिसायला देखणं होतं, पण त्याचा खड्डा उथळ. ब्रेडचा वरचा पट्टा बाहेरच राहायचा, टोपी घातल्यासारखा पांढरा.

"पापा, उलटा करके दोबारा डालो ना!"

"मंग मधला भाग दोनदा भाजते ना बापा!" भाऊ फोनवर ओरडले आणि तो टोस्टर उचलून फळीवर जुन्याच्या शेजारी ठेवला. फळीकडे बोट दाखवून मला म्हणाले, "सिक लाईन."

गुरुवारी सकाळी ते माझ्या दाराशी उभे. कानटोपी, स्वेटर, हातात कापडी पिशवी, पिशवीत ब्रेडचा पुडा. "तुझी स्कूटी काढ. आता मी आपला ब्रेड नेतो न् दुकानातच भाजून पाहतो. भाजल्याबिगर पास नाही."

आधी मालवीय रोडला गेलो. दुकानदाराने डबा पुढे केला, भाऊंनी ब्रेड. तो माणूस दोन्हीकडे पाहत राहिला.

"अंकल, ट्रायल नहीं होता. घर ले जाके देखो."

"घर पे नापास हुआ तो? मुझे दोनों तरफ एक जैसा चाहिए. डाग नहीं चलेगा."

"थोड़ा ऊपर-नीचे तो चलता है. किसके लिए चाहिए?"

"भगवान के लिए."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी नजर पंख्यांच्या रांगेकडे वळवली.

"भगवान टोस्ट खाते हैं?"

"खाते नहीं. देखते हैं. खाती मेरी मिसेस है."

"तो भगवान को हलवा चढ़ाओ, मिसेस को टोस्ट खिलाओ!"

भाऊंनी ब्रेड पिशवीत घातला. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, "काहून गं, हा बरोबर बोलून राहिला का?"

"नाही भाऊ. बाई जे खातील तेच आधी देवाला. हलवा देवाने खाल्ला तर बाईंच्या टोस्टला त्याचा काय उपयोग?"

"हं. म्हणजे टेंडर एकच हाये," ते म्हणाले आणि मागे बसले.

आणखी दोन दुकानांतून तसेच परत आलो. एकाने तर भाऊंच्या हातातला ब्रेड बघून आम्हाला बेकरीवाले समजून "आज नहीं चाहिए" म्हणून लांबूनच हात हलवला. शेवटी तेलीबांध्याकडे एक नवं दुकान उघडलंय असं मला आठवलं. तलावाच्या रस्त्याने थंड वारा असा लागत होता की भाऊंनी ब्रेडचा पुडा स्वेटरच्या आत घातला. म्हटलं, भाऊ, चेपेल. तर म्हणतात, "गार पडला तर ट्रायल बिघडते."

त्या दुकानात काउंटरवर चेतना नावाची तरतरीत बाई होती. भाऊंनी आपलं गाऱ्हाणं पहिल्यापासून सांगितलं. कावीळ, बाळकृष्ण, सलाईन, यशदीपचे रिव्यू, काही सोडलं नाही. मला वाटलं, इथूनही निघायचं. पण तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हव काका, हमरो घर म पहिली भोग लगथे. लाव, ब्रेड देव." म्हणजे तिच्याही घरी आधी देवाला नैवेद्य. तिने ब्रेड मागून घेतला आणि मांडून ठेवलेल्या टोस्टरांपैकी एकाची पिन सरळ बोर्डात खोचली.

पहिल्याने किनार जाळली. दुसऱ्याने फक्त मधोमध गोल भाजला, पिवळ्या उजेडात चंद्रासारखा. भाऊ प्रत्येक तुकडा घेऊन दुकानाच्या दारात जायचे, उन्हात धरायचे, उलटायचे आणि मान हलवायचे. फ्रीज घ्यायला आलेलं एक जोडपं फ्रीज सोडून टोस्ट बघायला लागलं. त्यातली बाई प्रत्येक वेळी आमच्याआधी निकाल सांगायची, "ये भी गया!"

मग चेतनाने काउंटरखालून एक साधासा, ठेंगणा टोस्टर काढला. ब्रेड आत गेला की दोन्हीकडच्या जाळ्या पुढे सरकून त्याला मधोमध ताठ धरायच्या. भाऊ वाकून आत बघायला लागले तसं तिने त्यांची कानटोपी मागे ओढली. "काका, टोपी जल जाही!"

टोस्ट वर आला. भाऊ दारात गेले, उन्हात धरला, उलटला. पुन्हा उलटला. मान हलली नाही. ते जोडपंही दारात आलं.

"पाह्य मंजिरी," ते म्हणाले, "बाकीच्यात ब्रेड रेलून बसते, म्हणून एक गाल भाजते. हा सरळ उभा ठेवते." आणि मग खिसे चाचपायला लागले. मला वाटलं पाकीट शोधतायत. खडू शोधत होते.

घरी आलो तेव्हा पुड्यात शेवटचे दोनच तुकडे उरले होते. ट्रायलमध्ये बाकी सगळा संपला होता. मी अंजनाबाईंना उशीला टेकवून बसवलं, देवापुढचं ताट पुसलं, तुळशीचं पान आणलं. स्वयंपाकघरातून तो खमंग वास आला तशा बाईंनी डोळे उघडले.

भाऊ ताटली घेऊन आले. दोन टोस्ट, भाजक्या गव्हासारखा एकसारखा रंग, वरून तसा खालून. बाईंनी हातात न घेता वाकून पाहिलं. बोटाने खूण केली, भाऊंनी उलटून दाखवलं. बाईंच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी हललं.

"चांगला झाला जी," त्या म्हणाल्या. मग मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या. "तुमच्या मिशीले काय लागलं?"

भाऊंचा हात मिशीकडे गेला. चुरा खाली पडला.

"मी फक्त कोपरा... या दुसऱ्याचा..." ते अडखळले. "तपासल्याबिगर कसा आणू? पास करून आणला."

नैवेद्याचं चाखायचं नसतं, हे आमच्यात लहान पोरीलाही सांगावं लागत नाही. मीठ कमी की जास्त, ते देवाला दाखवून झाल्यावरच कळायचं. भाऊ तोपर्यंत फक्त रिजेक्ट माल खात आले होते, त्यामुळे या नियमाशी त्यांची कधी गाठ पडलीच नव्हती.

"देवाच्या आधी तुम्ही पंगतीत बसले!" अंजनाबाईंचा आवाज पार माझ्या घरापर्यंत गेला असेल. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज असा मी ऐकला नव्हता. "दोन्ही एकाच भट्टीतले ना? उष्टे झाले दोन्ही. जा, दुसरा पुडा आणा."

भाऊ चपलाही नीट न घालता कोपऱ्यावरच्या बेकरीकडे पळाले. ते परत येईपर्यंत बाईंनी पाय पलंगाखाली सोडले होते.

"बाई, पडाल!"

"हात दे मले. या माणसावर माझा भरोसा नाही."

माझ्या खांद्याला धरून, दोनदा दाराला टेकून, त्या स्वयंपाकघरात आल्या. स्टुलावर बसल्या, टोस्टरच्या अगदी समोर, आणि नजर ठेवली, पण टोस्टरवर नाही, नवऱ्याच्या तोंडावर. भाऊंनी ब्रेडचे दोन तुकडे घातले, खटका दाबला आणि हाताची घडी घालून ओठ गच्च मिटून उभे राहिले. मी काही विचारलं तर फक्त मान हलवायचे. बोलायला तोंड उघडणंही त्यांना धोक्याचं वाटत असावं.

टोस्ट वर आला. तसाच, एकसारखा. या वेळी ताटली बाईंनी स्वतः धरली, देवापुढे कोऱ्या चहाच्या कपाशेजारी स्वतः ठेवली, पाणी फिरवलं, डोळे मिटले. मीही हात जोडले. मनात म्हटलं, महाराज, रंगाकडे बघा नाही तर बघू नका, पण हिच्या पोटात ठरू द्या.

मग बाईंनी तो चहाचा कप पुढे ओढला आणि एक टोस्ट उभाच्या उभा चहात बुडवला.

"अवं!" भाऊंच्या मिटल्या तोंडातून निघालंच. चार दुकानं पालथी घालून, उन्हात धरधरून पाहिलेला तो रंग एका बुडकीत चहाचा झाला. "सारा रंग गेला ना!"

"देवानं पाह्यला," अंजनाबाई म्हणाल्या, "मले कायले पाहिजे रंग? मले दात कुठं हायेत?"

आणि खाल्ला. सावकाश, मधे थांबून, पण पूर्ण. आम्ही दोघं उलटीची वाट बघत उभे. ती काही आली नाही. थोड्या वेळाने त्यांनी ताटलीतला दुसरा टोस्ट भाऊंपुढे सरकवला. "घ्या. आता चाखा."

भाऊंनी तोडला, चावला, विचार केला. "मघाचा जास्त कुरकुरीत होता."

बाई हसल्या. कपातला चहा हिंदकळून साडीवर सांडला इतक्या हसल्या.

शुक्रवारी डॉक्टरांनी डोळे पाहिले, जीभ पाहिली, विचारलं काय काय खाल्लं. भरती करायचं नाव काढलं नाही. नरहरभाऊ मात्र तेवढ्यावर उठेनात. "एकदा पोटही ठोकून पाहा ना डॉक्टर," ते म्हणाले, "मंग पास म्हणा."