‘येतो’ म्हटल्यावर

निरोप घ्यायचंही प्रशिक्षण असतं, हे सूर्यकांतरावांना त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. उभा जन्म पुण्यात टेलिफोन खात्यात गेला, लोकांच्या तुटलेल्या लायनी जोडण्यात. बायको संध्या गेली आणि मुलगा शुभंकर त्यांना बेंगळुरूला, महादेवपुऱ्यातल्या आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. मुलगा-सून दोघंही घरूनच काम करणारी, दिवसभर कानाला हेडफोन. घर भरलेलं, पण बोलायचं झालं तर भिंतींशी.

बाहेर पडताना सूर्यकांतराव सवयीनं ‘येतो’ म्हणत. पुण्यात स्वयंपाकघरातून संध्याचं ‘या’ यायचं, मान वर न करता. इथं सून सिद्धी स्क्रीनवरची नजर न काढता अंगठा उंचावायची. पोरगी गुणी, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे काय, हे तिला कोण सांगणार!

एका संस्थेनं निवृत्त लोकांसाठी तीन महिन्यांची फेलोशिप काढली होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून एकदा जायचं, गप्पा मारायच्या, तब्येतीची नोंद ठेवायची. एकट्यानंच एकट्यांना सोबत करायची म्हणजे उपाशानं जेवायला वाढण्यातलाच प्रकार. तरी त्यांनी अर्ज भरला. मराठी येतं म्हणून वाट्याला आल्या यशवंतपूरच्या अंबुबाई.

अंबुबाईंचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. बाजारातली बारदानाची पोती शिवून त्यांनी आयुष्य काढलं. आता डोळे अधू झालेले, खोली एक आणि माणूसही एकच. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं, की पहिल्या मंगळवारी सूर्यकांतराव नुसते हं हं करत राहिले. निघताना म्हणाले, “येतो, अक्का.”

“कधी?” अंबुबाईंनी विचारलं.

ते गडबडले. ‘येतो’ म्हणजे जातो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यावर ‘कधी’ कुणी विचारतं का? “मंगळवारी,” ते कसंबसं म्हणाले. मग दर मंगळवारी तेच होऊ लागलं. येतो. कधी? मंगळवारी. सूर्यकांतराव सोमवारीच शर्टाला इस्त्री करून ठेवू लागले.

तीन महिने संपत आले तेव्हा संस्थेच्या वसुमती मॅडमनी सगळ्या फेलोंना बसवून निरोप शिकवला. शेवटच्या भेटीत स्पष्ट सांगायचं, ‘आता मी येणार नाही.’ मागे एकजण ‘येतो’ म्हणून गेला, तर एक आजोबा दोन महिने दारात खुर्ची टाकून बसले होते. सूर्यकांतरावांना हे पटलं. बाथरूमच्या आरशासमोर त्यांनी वाक्याची तालीमही केली. पण उंबरठ्यात उभं राहून ‘येणार नाही’ म्हणायला जीभ वळेना. असलं अभद्र बोलू नये म्हणून लहानपणी त्यांनी आईचा मार खाल्ला होता. आणि त्या दिवशी वर्ग संपवून निघताना खुद्द वसुमती मॅडम काय म्हणाल्या? “बर्तीनी.” म्हणजे येते!

शेवटच्या मंगळवारी अंबुबाईंनी विचारलं, “कधी?”

“मंगळवारी,” ते म्हणाले. बोलून गेल्यावर जीभ चावली, पण मागे फिरायचं धाडस झालं नाही.

संस्थेच्या अखेरच्या फॉर्ममध्ये ‘निरोप स्पष्टपणे घेतला’ यापुढे त्यांनी ‘होय’वर खूण केली. ‘फेलोशिपमधून काय मिळालं?’ या प्रश्नाखाली ‘वाट पाहायला एक वार’ असं लिहिलं, मग लाज वाटून खोडलं आणि समाज, संवाद, समाधान अशा शब्दांनी पान भरून काढलं. प्रमाणपत्र मिळालं. शुभंकरनं त्याचा फोटो कौटुंबिक ग्रुपवर टाकला. अकरा जणांनी टाळ्या पाठवल्या, फोन कुणाचाच आला नाही.

मंगळवार उजाडला. आपण आज कुठंही गेलो नाही तर या एवढ्या शहरात ते फक्त एकाच माणसाला कळेल, या विचारानं त्यांना बसवेना. आज जाऊन खरं सांगून टाकायचं, असं ठरवून ते निघाले. मॅजेस्टिकला मेट्रो बदलताना वाक्य पुन्हा एकदा घोकलं.

अंबुबाईंचं दार उघडंच होतं.

“अक्का, संस्थेचं काम संपलं,” चप्पल न काढताच ते म्हणाले. “आता मला इथं कुणी पाठवणार नाही.”

अंबुबाई स्टोव्हकडे वळल्या होत्या, त्या थांबल्या. “मग आज कुणी पाठवलं?”

“कुणी नाही.”

“सरी, बरं. मग स्वल्प बसा की, अण्णा. कॉफी करते.”

सूर्यकांतरावांना रडू आलं. म्हातारीला नीट दिसत नाही, याचं त्यांना पहिल्यांदाच बरं वाटलं. कॉफी झाली, कांद्याच्या भावावर बोलणं झालं. उन्हं उतरल्यावर ते उठले.

“येतो, अक्का.”

‘मंगळवारी’ हा शब्द ओठांवर तयार ठेवून ते उंबरठ्यात थांबले. अंबुबाई पेले विसळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “या.”