पूर्वेकडे तोंड केलेली हार्ड डिस्क

आमच्या शाळेच्या सर्व्हरचं वाटोळं मी स्वतः केलं, तेही तो सुरक्षित ठेवण्यासाठी.

मी पेणच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. माझी बायको सुनीता तिथेच भूगोल शिकवते. (घरी ती सगळेच विषय शिकवते.) तिच्या चौदा वर्षांच्या नोट्स, नकाशे आणि येत्या सहामाहीच्या सगळ्या प्रश्नपत्रिका वर्गातल्या सर्व्हरच्या एकाच हार्ड डिस्कवर होत्या. "ती बंद पडली तर मी काय करू?" हे ती रोज जेवताना विचारायची. शेवटी मी रामवाडीच्या दुकानातून हुबेहूब तशीच कोरी डिस्क आणली आणि कॉपी करणारं दोन खाचांचं यंत्रही आणलं. डाव्या खाचेत भरलेली, उजव्या खाचेत कोरी, बटण दाबलं की काम फत्ते!

मुहूर्त खंडेनवमीचा. टेबलावर पाट मांडून दोन्ही डिस्क ठेवल्या. डावीकडे भरलेली, उजवीकडे कोरी.

"अहो, नावं तरी चिकटवा त्यांच्यावर," सुनीता म्हणाली.

"नावं नवशिक्यांना लागतात!" दहावीच्या अख्ख्या वर्गासमोर मी म्हणालो आणि नारळ आणायला गेलो.

आता, सुनीताचं माहेर म्हणजे गणपतीचा कारखाना. पाटावर गणपती असो नाहीतर मिक्सर, तोंड पूर्वेलाच हवं. माझ्या पाटाचं तोंड होतं पश्चिमेला. तिने तो अलगद उलटा फिरवला, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. मी आलो, भक्तिभावाने डावीकडची डिस्क डाव्या खाचेत बसवली, उजवीकडची उजव्या, आणि बटण दाबलं.

दोन तास शिरा खाल्ला. हिरवा दिवा लागला. टाळ्या!

डिस्क लावून पाहिली. रिकामी. दुसरी लावली. तीही रिकामी, अगदी तंतोतंत! माझ्या हातातला नारळाचा तुकडा खाली पडला.

"सुनीता, पाट हलवलास का गं?"

"हलवला नाही. पूर्वेकडे केला."

"डिस्कला कसलं आलंय तोंड!"

"छापलेली बाजू असते की. पण झालंय काय?"

मी सांगितलं: पाट फिरला तशी कोरी डिस्क डावीकडे आली, आणि यंत्राने भरलेल्या डिस्कवर कोरीच कॉपी केली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बाकावर बसली आणि म्हणाली, "चौदा वर्षं, अहो." त्या क्षणी मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तेवढ्यात जवळच्या जिते गावाहून शाळेत येणारी रोहिणी उभी राहिली. "सर, रागावणार नाय ना?" तिने कंपासपेटीतून पेन ड्राइव्ह काढला. "मॅडमच्या नोट्स हायेत यात. समद्या. तुम्हीच सांगितलेलं ना, प्रत्येक गोष्ट दोन जागी ठेवा म्हणून?"

सुनीताच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. पेन ड्राइव्ह उघडला. नोट्स, नकाशे, सगळं सुखरूप! आणि खाली 'सहामाही प्रश्नपत्रिका'.

"हे कसं आलं यात?" माझा आवाज चिरकला.

"सगळं एकदमच कॉपी केलं, सर. पासवर्ड मॅडमचं नाव होतं."

"कोणी उघडलं तर नाही ना?"

अख्खा वर्ग झेंडूच्या फुलांकडे पाहू लागला. मागच्या बाकावरून आवाज आला, "भूगोल सोप्पा हाय, मॅडम."

एकेक करत तेवीस पेन ड्राइव्ह बाहेर आले. मी वर्षभर ज्याच्यासाठी धडपडत होतो ते काम पोरांनी माझ्याच तासाला उरकलं होतं!

मुख्याध्यापकांनी सगळ्या प्रश्नपत्रिका नव्याने काढायला लावल्या आणि सांभाळायची जबाबदारी माझ्यावर टाकली. मी शहाणा झालोय. कॉम्प्युटरचा संबंधच ठेवला नाही. हाताने लिहून घेतलेल्या प्रश्नपत्रिका लोखंडी कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं, आणि खबरदारी म्हणून दुसरी किल्लीही करून घेतली.

दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात आहेत. जुडगं कालपासून सापडत नाही, आणि सहामाही सोमवारी आहे.