सावंताच्या डॉलरवरचा अंगठा

सांगतो, पण कप खाली ठेवून ऐका, आणि शेवटी मला वेड्यात काढायचं ते एकदाच काढा. हप्त्याहप्त्याने नको. भुताला घाबरून मी दोन महिने स्वतःच्याच कपाटाकडे पाठ करून झोपत होतो, आणि मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मी शहाणा माणूस म्हणून ओळखला जातो.

माझा मित्र सावंत भांडुपला राहायचा. आम्हा दोघांना नाण्यांचं वेड. दर रविवारी त्याच्याकडे चहा आणि नाणी. त्याच्याजवळ एक अमेरिकन सेट होता. एक एक डॉलरची चार नाणी, सोन्यासारखी पिवळी, टांकसाळीतून निघाल्यावर कुणाचाही हात न लागलेली, पारदर्शक डबीत बसवलेली. त्याच्या मुलीने, नीनाने, तिकडच्या पहिल्या पगारातून बापासाठी घेतलेली. प्रत्येकावर एकेका राष्ट्राध्यक्षाचा चेहरा.

आणि सगळे मेलेले. तिकडचा नियमच आहे म्हणे, माणूस जाऊन दोन वर्षं झाल्याशिवाय त्याला या नाण्यावर जागा नाही. सावंत हे सांगताना आवाज मुद्दाम खाली आणायचा.

तो डबी उघडायचा ती पांढरे सुती हातमोजे घालून. मला बारा वर्षांत एकदाही हात लावू दिला नाही. कारण काय, तर कधीकाळी मी दुसऱ्याच एका सेटचं सील ब्लेडने उघडायला गेलो आणि नाण्यावर रक्त सांडलं. माझ्या उजव्या अंगठ्यावर त्याची तिरपी खूण अजून आहे.

"वश्या, हात लावलंस तर मेलंय तरी येतलंय हां बघूक," तो म्हणायचा.

"ये की. चहा ठेवतो," मी म्हणायचो.

आणि तो गेला. झोपेतच गेला. तेराव्यानंतर वहिनींनी ती डबी माझ्या हातात ठेवली. "भावोजी, मला यातलं काही कळत नाही. वर्षश्राद्धाला नीना येईल, तोवर तुम्ही सांभाळा. तिच्या बाबांनी ठेवली तशी तिला मिळायला हवी."

मी हो म्हटलं. आता तुमच्यापासून काय लपवायचं? घरी येताना रिक्षात मनात आलं, नीना विसरली तर बरं. मित्राच्या तेराव्याला हा विचार. लाज वाटली, पण विचार गेला नाही.

वर्षश्राद्धाला दोन-अडीच महिने उरले असताना डबी काढून पाहिली. पहिल्या नाण्यावर, त्या रुंद कपाळाच्या गृहस्थाच्या गालावर, फिकट तपकिरी सावली. मला वाटलं उजेडाचा खेळ असेल.

चार दिवसांनी सावली गडद झाली. मग तिच्यात रेषा दिसायला लागल्या. वळसे घेत जाणाऱ्या, बारीक. अंगठा होता तो.

"सुमन, तू डबीला हात लावलास?" मी बायकोला विचारलं.

"मला काय करायचीय तुमची डबी? मी त्या मेल्यांच्या तोंडाकडे बघतसुद्धा नाही."

मी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली बनियनला पिन करून टाकली. आठवड्याने पाहतो तर दुसऱ्या नाण्यावर अंगठा. मग तिसऱ्यावर. कुलूप जसंच्या तसं, किल्ली माझ्या छातीवर, आणि बंद डबीत कुणीतरी सावकाश, एकेकाच्या तोंडावर बोट टेकवत चाललेलं. चौथ्यावर उमटला तेव्हा मी डबी तशीच आत सारली आणि खुर्चीत बसून राहिलो.

सावंत आला होता. माझ्या मनातलं त्याला कळलं होतं.

सुमनला सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही, हे जास्त वाईट. "जेवायला घाला त्यांना," ती म्हणाली.

रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीत पान मांडलं. भात आणि बांगड्याचं तिखलं, सावंताच्या आवडीचं. आमच्या खिडकीत दिवसभर कबुतरांचा गोंधळ असतो. त्या दुपारी एक कबूतर नाही. समोरच्या ग्रिलवर एकच कावळा, मान तिरकी करून माझ्याकडे बघत. सावंत नाणं बघताना मान अशीच करायचा.

कावळा शिवेना.

"काहीतरी कबूल करा त्यांना," सुमन कुजबुजली.

"सावंता, कुणाचा हात लागू देणार नाही रे आता," मी म्हटलं. कावळा हलला नाही.

"अहो, खरं काय ते सांगा."

मग मी बोललो. "सावंता, मला सेट ठेवून घ्यायचा होता. नाही ठेवत. नीनाच्या हातात देतो."

कावळ्याने बांगड्याचा तुकडा उचलला आणि गेला. सुमनने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भांडुपला गेलो. नीनाने डबी उघडली आणि तिचा चेहरा पडला. "हे काय झालं, काका?"

मी सगळं सांगितलं. कुलूप, किल्ली, अंगठे, कावळा. वहिनींनी पदर तोंडाला लावला. नीना मात्र बापाचं भिंग घेऊन नाणी बघत होती.

"काका, या धातूचं असंच असतं. उघड्या हाताने धरलं की लगेच काही दिसत नाही. हाताचा घाम मुरतो आणि डाग हळूहळू वर येतो. कधी आधी, कधी नंतर. कुणी धरलं होतं?"

"कुणीच नाही. मी स्वतः हातमोजे घालतो."

"अहो," सुमन म्हणाली, "आणली त्या दिवशी पूजा केलीत ना?"

"पूजा केली. नवी वस्तू घरात आली की देवापुढे ठेवतातच. चारही नाणी काढली, एकेक डोळ्यांना लावलं, तांदळावर ठेवलं."

"हातमोजे घालून?" नीनाने विचारलं.

"देवापुढे कुणी हातमोजे घालतं का?"

"म्हणजे उघड्या हाताने."

"अगं, ती पूजा. तिला हात लावणं म्हणतात का?"

नीनाने माझा उजवा हात ओढून अंगठा भिंगाखाली धरला, शेजारी नाणं. त्या रुंद कपाळाच्या गृहस्थाच्या गालावर तिरपी रेघ होती. माझ्या अंगठ्यावरही. दोन महिने मी त्या ठशाला सावंताच्या रागाची खूण समजत होतो.

"पुसता येईल?" मी विचारलं.

"पुसलं तर आणखी बिघडेल. आता हे असंच राहणार."

मला हायसं वाटायला हवं होतं. पण खरं सांगू? फार वाईट वाटलं. नीनाची भेट खराब केली म्हणून तर वाटलंच. पण त्याहून वाईट वाटलं ते सावंत आला नव्हता म्हणून. दोन महिने तो माझ्या घरात होता, आणि आता पुन्हा गेला.

मी डबी नीनाकडे सरकवली. कावळ्याला शब्द दिला होता. तिने आईकडे पाहिलं, डबी बंद केली आणि परत माझ्या मांडीवर ठेवली.

"राहू दे भावोजी तुमच्याकडेच," वहिनी म्हणाल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या, सांगता येणार नाही. "ह्यांनी बारा वर्षं हात लावू दिला नाही. तुम्ही एका पूजेत चारही नाण्यांवर अंगठा उठवून घेतलात. आता नाही म्हणायला ते यायचे कुठून?"